करंगळीची अक्षरं

माय, आज माझं सर्व्हिस बुक उघडलं. पहिल्या पानावर फोटो चिकटवला, उंची लिहिली, ओळखीची खूण म्हणून हनुवटीखालचा तीळ लिहिला आणि डाव्या हाताच्या पाचही बोटांचे ठसे घेतले. ठसे घेणारा क्लार्क माझ्याहून बराच लहान. म्हणतो, "मॅडम, बोट सैल सोडा, ताठ नका धरू." जिनं आख्खं आयुष्य बोटांवर काढलं तिला हा सांगतो बोट सैल सोडा. मी म्हटलं, चालू दे बाबा तुझं. तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस, "पक्की ऑर्डर हाय ना गं? का पुन्हा अकरा महिने?" पक्की आहे माय. दर अकरा महिन्यांनी नवा कागद घ्यायचा, मधे एक दिवस खंड म्हणून घरी बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी जणू काल जन्मल्यासारखं पुन्हा नव्यानं कामाला लागायचं, असं पंधरा वर्षं करून तुझी पोरगी बेचाळिसाव्या वर्षी कायम झाली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला, नाही असं नाही. पण बोटांची शाई पुसता पुसता मी मनातल्या मनात काय केलं, तर धाकट्याच्या नोकरीची वर्षं मोजली. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी लहान आणि सरकारच्या हिशेबात माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा. त्याचं सर्व्हिस बुक आता जाडजूड झालं असेल, रजांच्या नोंदी, बदलीच्या नोंदी, बढतीची नोंद. माझ्यात एक पान भरलंय. जळते मी त्याच्यावर, माय. सतरा वर्षं झाली तुला जाऊन, आणि सतरा वर्षं मी माझ्या सख्ख्या भावावर जळून राह्यले. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. तुला वाचायचं फार जमायचं नाही, जोडाक्षर आलं की थांबायचीस आणि कागद माझ्याकडं सरकवायचीस. आता हा कागद सरकवणार कोणाकडं? म्हणून मोकळेपणानं लिहिते.

टेंभुर्णीचा तो गुरांचा दवाखाना मला अजून बराबर आठवतो, पण बाहेरून. पत्र्याचं फाटक, आतला लोखंडी सांगाडा ज्यात गाय उभी करून बांधायची, आणि तू पदर खोचून बादली घेऊन उभी. आमचे बाबा आधीच गेलेले, तू तिथं रोजंदारीवर झाडायला लागलीस, मंग हळूहळू डॉक्टरच्या हाताखाली सुया उकळायला, गुरं धरायला. नऊ वर्षं तुझी हजेरी मस्टरवर नव्हती, वेगळ्या सुट्या कागदावर होती, आणि तो कागद महिना संपला की कोण कुठं टाकायचं देव जाणे. धाकट्याची शाळा दवाखान्याच्या मागं, म्हणून दुपारी तो तुझ्याकडं यायचा. दावं धरायचा, डॉक्टरला चहा आणून द्यायचा, आणि संध्याकाळी तुम्ही दोघं मिळून घरी यायचात ते कुठल्या तरी म्हशीच्या गोष्टी सांगत. मी चुलीपुढं. भाकरी थापता थापता मी ऐकायचे की पाटलाच्या बैलानं आज लाथ मारली आणि तू कशी बाजूला सरलीस. तो ते पाह्यलेला असायचा. मला सांगितलेलं असायचं. तेव्हापासूनच आहे बघ हे, उगाच नोकरीवर ढकलायला नको.

तू कायम झालीस तो दिवस मात्र माझा होता. मी दहावीत होते. तू चप्पल न काढताच आत आलीस, ब्लाउजमधून घडी केलेली ऑर्डर काढलीस आणि मला म्हणालीस, "वाच." मी वाचली. "अजून एकदा." पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, "ते एक कुठंय ते दाखव, कायमचं," आणि मी त्या शब्दावर बोट ठेवलं तेव्हा तू त्याच्यावरून अंगठा फिरवलास. मंग भिंतीवरच्या फोटोंपुढं मेणबत्ती लावलीस, आणि चहाला दूध नव्हतं तरी चहा केलास. दुसऱ्या दिवशी तू मला स्टँडजवळच्या टायपिंगच्या क्लासला घालून आलीस. त्या सरांना म्हणालीस, "हिला अशी तयार करा की हिला कोणी सुट्या कागदावर लिहिलं न्हाई पाहिजे." सर हसले. मी मात्र ते मनावर घेतलं. मला त्या मशीनचा नाद लागला माय. आधी तीस, मंग चाळीस स्पीड, दोन्हीत क्लासात पहिली. सर म्हणायचे, टायपिंग सगळी करंगळीत आहे. मधल्या बोटांना जोर असतो, ती कोणाचीही चालतात. करंगळी दुबळी, तिला कोणी शिकवत नाही, म्हणून माणूस वीसवर अडकतो. पहिला आठवडाभर ते आम्हाला नुसतं करंगळीनं मारायला लावायचे, बोट सुजेस्तोवर.

एकदा मी घरी शेखी मिरवत म्हणाले, "याला तर धड पेन्सिल धरता येत न्हाई, हा काय शिकणार." धाकटा तेव्हा जमिनीवर पालथा पडून काही तरी खरडत होता. तू कणीक मळत होतीस. हात तसेच ठेवून तू माझ्याकडं पाह्यलंस. "तुला येतं ना? मंग सांग त्याला. आलेलं सांगायला काहून जिवावर येतं तुझ्या?" रागावली नव्हतीस, साधं विचारलं होतंस. मी ताट उचलून बाहेर गेले.

मंग तुझी ती कावीळ. जालन्याच्या दवाखान्यात आठ दिवस मी तुझ्या उशाशी होते. धाकटा बारावी होऊन घरीच होता, तो औषधं आणायला खालीवर पळायचा. सातव्या दिवशी तू माझा हात धरून म्हणालीस, "धाकट्याचं पाह्य." मी म्हणाले, पाहते. वाट पाहिली, त्याला पण काही तरी सांगशील, ताईचं पाह्य म्हणून. त्याला तू म्हणालीस, "जेवला का?" बस, एवढंच. मला अजून वाटतं की त्या दोन वाक्यांतच सगळी वाटणी झाली होती. मामांनी पुढं नुसती तोंडानं बोलून दाखवली.

दुसऱ्या दिवशी तू गेलीस. तुझं पुण्यानुमोदन झालं, लोक जेवून गेले, आणि मामा अंगणात बाजेवर बसले. नोकरीत असताना माणूस गेलं की घरातल्या एकाला अनुकंपेवर जागा मिळते, एकालाच, आणि बाकीच्यांनी आमची हरकत नाही असं लिहून द्यायचं, हे त्यांनी सांगितलं. मी बी.ए. झालेली, टायपिंग झालेली, पंचवीस वर्षांची. धाकटा बारावी, तीही कशीबशी. मी काही बोलायच्या आत मामा म्हणाले, "पोरीचं लगीन ठरलंय. ती उद्या लोकाच्या घरी जाणार. माझ्या बहिणीची जागा घरात राह्यली पाहिजे का न्हाई?" सगळ्यांनी माना हलवल्या. धाकटा म्हणाला, "पण मामा, ताईचं टायपिंग—" मामा म्हणाले, "तू गप बस." मी त्याच्याकडं पाह्यलं तर तो मान खाली घालून बसला होता. अजून एकदा बोलला असता तर? एकदाच बोलला. मी तर एकदाही नाही. तुझे शब्द कानात होते ना, धाकट्याचं पाह्य.

आणि ऐक पुढं. बाँडपेपर आणला, तर मामा मला म्हणतात, "बाहेर कोणाकडून टाइप करून घेता, घरात टायपिस्ट हाय." म्हणजे माझी ना-हरकत मीच टाइप केली. क्लासात जाऊन, माझ्या नेहमीच्या मशीनवर. मी, खाली सही करणार, लिहून देते की माझ्या भावास माझ्या आईच्या जागी अनुकंपा तत्त्वावर नियुक्ती देण्यास माझी कोणतीही हरकत नाही व भविष्यातही राहणार नाही. भविष्यातही. तो शब्द मामांनी घालायला सांगितला. पूर्ण पानात एक चूक नाही, एक खाडाखोड नाही. सर मागं उभे होते, म्हणाले, "वा." मी सही केली आणि तहसीलला देऊन आले.

लग्न होऊन अंबडला आले. नवरा चांगला मिळाला, त्यात वाद नाही. त्यानं जुनं मशीन घेऊन दिलं, मी कोर्टाबाहेर एका वकिलाकडं टायपिंग करायला लागले. लोकांची भांडणं टाइप करायची, बांधाची, पोटगीची. वर्षभरानं इथल्याच एका ऑफिसात कंत्राटी डेटा ऑपरेटर म्हणून अकरा महिन्यांवर लागले, आणि ते पहिले अकरा महिने संपता संपता धाकट्याची ऑर्डर आली. कनिष्ठ क्लार्क. नेमणूक कुठं, तर अंबडला. माझ्या ऑफिसापासून दहा मिनिटांवर. एक पत्र्याची पेटी आणि तुझी ती निळी चादर घेऊन तो माझ्या दारात उभा राह्यला. "ताई, मला खोली मिळेस्तोवर ऱ्हाऊ का?" मी म्हटलं, ऱ्हा. जेवायला वाढलं. तो ऑर्डर काढून दाखवायला लागला, मी म्हटलं हात खरकटे आहेत. नंतर तो झोपल्यावर मी ती काढून वाचली. तुझं नाव होतं तिच्यात माय, तिसऱ्या ओळीत, कैलासवासी लावून. माझं कुठंच नव्हतं.

ऑर्डरीत एक अट होती. दोन वर्षांत मराठी टायपिंग तीस स्पीडनं पास व्हायचं, न झाल्यास नोकरी जाईल. धाकटा म्हणाला, "ताई, तू हाईस म्हणून मला फिकीर न्हाई." खरंच फिकीर नव्हती त्याला. संध्याकाळी ऑफिसातून आला की हातपाय धुऊन मशीनपुढं मांडी घालून बसायचा. पहिले दोन दिवस मी त्याला बराबर शिकवलं. तिसऱ्या दिवशी करंगळीवर आलो. जुनं मशीन, की कडक. त्याची करंगळी घसरायची, वाकायची, अक्षर अर्धंच उमटायचं. तो हात झटकून म्हणाला, "ताई, हिला जोरच न्हाई. दुसऱ्या बोटानं मारलं तर न्हाई चालत?" मी तेव्हा भाजी निवडत होते. त्या दिवशी माझा खंडाचा दिवस होता. म्हणजे सरकार म्हणत होतं की आज तू आमची कोणी नाहीस, आणि तरी साहेबांनी बोलावलं म्हणून मी सही न करता दिवसभर काम करून आले होते. आणि हा आदल्या आठवड्यात दोन दिवस किरकोळ रजा घेऊन मित्राच्या लग्नाला जाऊन आलेला. तो रजा घेतो, मला घरी बसवतात. मी मान वर न करता म्हणाले, "राहू दे मंग. शेजारच्या बोटानं मार. पुढं आपोआप येतं."

एवढंच. मी त्याला शिव्या दिल्या नाहीत, मशीन लपवलं नाही. एक वाक्य बोलले, आवाजसुद्धा बदलला नाही. पण मला माहीत होतं माय. करंगळीच्या वाट्याला अक्षरं असतात, वरून शिफ्ट तिनंच दाबायची असते. ती सोडली की दर वेळेला अख्खा पंजा जागचा हलतो, नजर खाली जाते, आणि माणूस विसावर जाऊन अडकतो तो अडकतोच. क्लासातलं शेंबडं पोर सुद्धा हे सांगेल. आठ महिने मी रोज त्याच्या मागं उभी राहून पाह्यलं, तो शेजारच्या बोटानं करंगळीची अक्षरं मारून राह्यला, आणि मी घड्याळ धरून बसायचे. अठरा. एकोणीस. पुन्हा अठरा. तो म्हणायचा, "काहून वाढून राह्यली न्हाई गं?" मी म्हणायचे, "सराव कर." कणीक मळताना तू विचारलेलं ते वाक्य कित्येकदा ओठांवर यायचं. मी पाणी पिऊन टाकायचे.

पहिल्या परीक्षेला तो नापास झाला. निकाल घेऊन आला आणि उंबऱ्यावर बसला. मला वाईट वाटलं, खोटं बोलत नाही. पण वाईट वाटण्याच्या खाली गार काही तरी होतं, उन्हातून आल्यावर माठात हात घातल्यासारखं. दुसऱ्या परीक्षेलाही तेच. आता एकच संधी उरली होती. ऑफिसात त्याला साहेबांनी बोलावून सांगितलं होतं, बघ बाबा, माझ्या हातात काही नाही. त्या दिवशी तो जेवला नाही. नवरा मला म्हणाला, "तू एवढी हुशार, अन् याला कसं येत नाही?" मी म्हटलं, "डोकं लागतं." धाकट्यानं ऐकलं ते. दुसऱ्या आठवड्यात म्हणाला, "ताई, तुला बी घरचं, ऑफिसचं लई होतं. मी जालन्याला क्लास लावतो." मंग सहा महिने तो पहाटे उठायचा, सहाची एसटी धरायचा, जालन्याला तास करून दहाच्या आत परत अंबडला ऑफिसात. मी डबा द्यायचे. तेवढं मात्र एकही दिवस चुकवलं नाही. उगाच पुण्य म्हणून नाही, मला त्याच्याकडं पाहवत नव्हतं.

तो पास झाला. बत्तीस स्पीड. पेढे घेऊन आला, पहिला माझ्या तोंडात घातला आणि शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगत सुटला, "ताईनं पाया घातला म्हणून जमलं." गेली तेरा वर्षं तो हेच सांगतोय. त्याच्या लग्नात सांगितलं. मामांच्या मयतीला आलेल्या लोकांना सांगितलं. दर वेळेला मी तो पेढा पुन्हा गिळते. आणि दर वेळेला असंही वाटतं की याचं बरं आहे, याला मनात काही ठेवावं लागत नाही, हा मोकळाढाकळा मोठा होत गेला, आणि मी इकडं दर अकरा महिन्यांनी नव्या कागदावर सही करत. त्याचं घर झालं, मला जळायला झालं. त्याला बढती मिळाली, मी अभिनंदन केलं आणि घरी येऊन भांडी आपटली. नवऱ्याला वाटलं, पाळीचा त्रास.

यंदा आमच्या जुन्या कंत्राटी लोकांची यादी निघाली. माझं नाव होतं. कागदपत्रांसाठी धाकटा माझ्यापेक्षा जास्त धावला. फिटनेसच्या दाखल्याला जालन्याला माझ्यासोबत आला, पोलीस पडताळणीचा फॉर्म त्यानंच भरला. "ताई, सर्व्हिस बुक दोन प्रतींत करून घे, एक तुझ्याजवळ ठेव," असं दहादा बजावलं. मी आपली हो हो करत होते, आणि मनात चाललं होतं, हा किती सराईत आहे, याला सगळं माहीत आहे, कारण याचं पंधरा वर्षांपूर्वीच झालंय.

तर आज ठसे दिले, सही केली, आणि जेवणाच्या सुट्टीत पेढ्यांचा पुडा घेऊन त्याच्या ऑफिसला गेले. म्हटलं, या वेळी त्याला माझा पेढा खाऊ दे. हॉल रिकामा होता, सगळे डबे खायला गेलेले. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढं एक बाई बसलेली, तिशीची असेल, गळ्यात मंगळसूत्र नाही, आणि धाकटा तिच्या शेजारी स्टूल ओढून. मी दारातच थांबले. ती त्यांच्याकडं नवीन लागलेली अनुकंपावाली, नवरा वर्षापूर्वी गेला, हे त्यानं मला आधी सांगितलं होतं. तिलाही तीच दोन वर्षांची अट. तो तिला शिकवत होता.

ती हात झटकून म्हणाली, "भाऊ, ह्या करंगळीनं जमून न्हाई राह्यलं. शेजारच्या बोटानं मारू का?"

"बिलकुल नका," धाकटा म्हणाला. "दुखू द्या, सुजू द्या, पण सोडू नका. मी सोडल्ती. दोनदा नापास झालो, नोकरी जाता जाता राह्यली."

"तुम्हाला कोणी सांगितलं न्हाई?"

"जालन्याच्या सरांनी सांगितलं ना. पहिल्याच दिवशी माझा हात पाहून म्हणले, हे कोणी शिकवलं तुला? मी म्हणलं, घरी शिकलो."

"घरच्याला म्हाईत नसंल बिचाऱ्याला."

धाकट्यानं की-बोर्डवरची धूळ बोटानं पुसली. "म्हाईत होतं," म्हणाला. "पण तव्हा तिच्यावर लई बेकार टाइम चालू होता. तिचं हक्काचं होतं ते माझ्याकडं आल्तं. हं, चला, पुन्हा मारा. खाली पाहू नका."

मी पुडा धरून दारात उभी. पहिल्याच दिवशी कळलं होतं त्याला, माय. पहिल्या दिवशी. त्याच्यानंतर सहा महिने त्यानं माझ्या हातचा डबा नेला, पेढा भरवला, तेरा वर्षं गावभर सांगत फिरला की ताईनं पाया घातला. मला लाज वाटायला पाहिजे होती. वाटली, पण नंतर, परत येताना, बाजारातून चालताना. तिथं उभी होते तेव्हा आधी हेवाच वाटला. तुझी जागा त्याला दिली तेव्हा निदान माझ्याकडून लिहून तरी घेतलं होतं. हे सगळं पोटात घालायचं कसब तू त्याला कधी देऊन टाकलंस? ते त्याला द्यायला माझी हरकत आहे का, असं कोणी विचारायलासुद्धा आलं नाही.

त्यानं मला पाह्यलं. चेहरा एका क्षणात उतरला त्याचा, मी कधीची उभी आहे ते त्याला कळलं नाही, आणि मी कळू दिलं नाही. मी म्हटलं, "घे, झाले एकदाची कायम." तो उठून उभा राह्यला, डोळे भरले त्याचे, माझे नाही भरले. त्यानं त्या बाईला सांगितलं, "ही माझी मोठी बहीण. हिच्यासारखी बोटं आख्ख्या जिल्ह्यात न्हाईत." तिनं पेढा घेतला, कपाळाला लावला. मंग धाकटा जरा अडखळत म्हणाला, "ताई, माझ्याकडं आता अजून एका टेबलाचं काम वाढलंय, यांना वेळ देणं होत न्हाई. तुझं ऑफिस जवळच हाय. दुपारचा अर्धा तास तू शिकवशील का यांना?"

म्हणजे बघ. सगळं माहीत असून मलाच. ती बाई माझ्याकडं आशेनं पाहून राह्यली होती. दोन लेकरं आहेत तिला. आणि माझी नजर गेली ती तिच्या गळ्यातल्या ऑफिसच्या ओळखपत्रावर. कायम, तिसाव्या वर्षी. जिचा नवरा गेलाय तिच्याकडं पाहून मला ते वाटलं, माय.

मी म्हणाले, "नको रे. माझं टायपिंग आता सुटलंय." धडधडीत खोटं. हे पत्र तेवढं आत्ता स्वयंपाकघरात बसून हातानं लिहून राह्यले, पण कालच सकाळी साहेबांची पाच पानं मी न पाहता मारली होती. धाकटा म्हणाला, "बरं." पेढा खाल्ला, माझ्यासाठी चहा सांगितला.

तो समजला असेल ताईला आता नोकरीचा तोरा आला. समजू दे. हा कागद घडी करून तुझ्या जुन्या ऑर्डरीखाली ठेवणार आहे, तिथं त्याचा हात जात नाही. तुला तेवढं खरं सांगते. शिकवायला बसले असते आणि तिनं हात झटकून मला विचारलं असतं, शेजारच्या बोटानं मारू का, तर या वेळी मी नको म्हणाले असते याची मला खात्री नव्हती. म्हणून नाही म्हणाले.